सेल्वराजच्या हातावरची तांबडी हळद

“हे रक्त नाही,” मी म्हणाले. कॅज्युअल्टीतल्या गडबडीत कुणी ऐकलं नाही.

स्ट्रेचरवर सेल्वराज बसला होता. तंजावरजवळच्या पापनाशमच्या एका राइस मिलवाल्यांचा ड्रायव्हर, तिशीच्या आसपासचा. त्याचा उजवा हात मनगटाच्या पुढपासून कोपरापर्यंत ओल्या टॉवेलात गुंडाळलेला होता आणि टॉवेलातून तांबडं पाणी फरशीवर टपकत होतं. शर्टावर, पँटवर, कानामागे, सगळीकडे पांढरी भुकटी. शेजारी मिलमालकांच्या आई उभ्या होत्या. त्यांना सगळे पेरियम्मा म्हणायचे, म्हणजे मोठ्या आई. त्यांच्या रेशमी साडीवरही तीच पांढरी भुकटी होती. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, पण बोलणं थांबत नव्हतं.

“देवानं वाचवलं, सिस्टर! देवळातून निघालो, विभूतीची, अंगाऱ्याची पुडी घेतली, आणि बघा, विभूती स्वतः उधळली गाडीत. सगळी गाडी पांढरी! समोरचं दिसेना इतकी!”

नव्वदीच्या दशकाची अखेर होती. तंजावरच्या रस्त्यांवर तोवर दोन-तीन जातींच्याच गाड्या दिसायच्या. मग एकाएकी नव्या परदेशी कंपन्यांच्या गाड्या यायला लागल्या. मिलमालकांनी अशीच एक चेन्नैहून आणली होती. गाव बघायला जमलं होतं म्हणे. त्या दिवशी पेरियम्मांना देवळातून घरी नेताना समोरून बस आली. पोंगल, म्हणजे इकडची संक्रांत, होऊन दोन आठवडे झाले होते. कापणीच्या दिवसांत आमच्याकडे शेतकरी अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घालतात आणि कडेनं दगडांची रांग लावतात. एका बाजूला बस, दुसऱ्या बाजूला दगड. सेल्वराजनं ब्रेक मारला, गाडी घसरली आणि रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर आदळली. जवळच्या चहाच्या दुकानातल्या लोकांनी धावत येऊन हातावर मूठभर हळद ओतली, पाणी शिंपडलं, टॉवेल बांधला आणि दोघांना एका व्हॅननं आमच्याकडे पाठवलं. आमच्याकडे म्हणजे तंजावरातल्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये. तिथे मी कॅज्युअल्टीची स्टाफ नर्स होते.

माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी बी.एस्सी. नर्सिंग. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण सांगायला मला आवडतं. वडील कोर्टात शिपाई होते. आई देवळामागच्या गल्लीत कुंकू करून विकायची. आम्ही मराठी, पण आठ-दहा पिढ्या तंजावरातच. घरात मराठी, दारात तमिळ, ड्यूटीवर इंग्लिश. नर्सिंग होममध्ये बाकीच्या सिस्टर डिप्लोमावाल्या होत्या, म्हणून आमचे चीफ मला चिडवायला ‘डिग्री सिस्टर’ म्हणत. चीफ म्हणजे सर्जन आणि नर्सिंग होमचे मालक. माणूस चांगला, जीभ तिखट.

मी टॉवेल सोडायला लागले.

“हात लावू नका, सिस्टर, आग होतेय,” सेल्वराज दात आवळून म्हणाला.

“कधीपासून?”

“आदळलो तेव्हापासून. पण आधी कमी होती. आता वाढत चाललीय. तास झाला.”

मला खटकलेली पहिली गोष्ट ही. खरचटलं की पहिल्यांदा जास्त झोंबतं, मग कमी होतं. याचं उलटं चाललं होतं.

टॉवेल निघाला. आतला लेप तांबडाभडक होता. पेरियम्मांनी तो बघितला आणि हात जोडले. “अय्यो, अम्मन, देवी! बघा, हळदीचं कुंकू झालं! आधी विभूती, आता कुंकू!”

दारात जमलेल्या चार-पाच जणांनीही हात जोडले. एकीनं तर पुढे येऊन बोट लावलं आणि कपाळाला टेकवलं.

मी मात्र दंडाकडे बघत होते. सेल्वराजचा शर्ट अर्ध्या बाह्यांचा. बाहीखाली दंडावर झाकलेल्या जागी हळद ओघळली होती आणि तिथे ती पिवळीच होती. बाहीच्या कडेपासून खाली, जिथे भुकटी पडली होती, तिथे तांबडी. मधे सरळ रेघ. रक्त असं रेघ आखून येत नाही. शिवाय रक्त वाळलं की काळपट होतं. हे तासाभरानंतरही लालबुंद होतं. आणि हा रंग माझ्या ओळखीचा होता. माझं बालपण त्या रंगात गेलं होतं. माझ्या पाटीवर, फ्रॉकवर, वहीच्या कडांवर तोच रंग असायचा.

हे जरा समजावून सांगते. हळद हा रंग बदलणारा पदार्थ आहे. लिंबू-चिंचेसारखं आंबट काही लागलं तर पिवळी राहते. चुना, सोडा, साबण असं काही लागलं की तांबडी होते. याला आम्ही अल्कली म्हणतो, मराठीत क्षार. हळदीच्या डागावर साबण लावला की डाग लाल होतो, ते तुम्हीही बघितलं असेल. आमची आई हळदीत टाकणखार आणि इतर जिन्नस घालून कुंकू करायची. आमच्याकडे लग्नात, बारशात माणसावरून जे तांबडं पाणी ओवाळतात, त्याला आरती म्हणतात. ते नुसतं हळद आणि चुन्याचं पाणी असतं. तंजावरातल्या प्रत्येक बाईनं ते केलेलं असतं. त्या खोलीतल्या प्रत्येक बाईनंसुद्धा.

आणि क्षार त्वचेला काय करतो, तेही माझ्या हातांना माहीत होतं. ॲसिड भाजतं आणि बहुतेक वेळा वरच थांबतं. क्षार थांबत नाही. ओल मिळाली की आत आत जातो. अंगठ्याच्या मागे आणि मनगटावर कातडी पातळ, खाली लगेच शिरा आणि अंगठा उचलणाऱ्या दोऱ्या. सेल्वराजचा लेप ओला होता आणि तासभर घट्ट बांधलेला होता. ड्रायव्हरचा उजवा हात. तो गेला की माणूस गेला.

मी इंटरकॉम उचलला. चीफ ऑपरेशन थिएटरमध्ये होते. कुणीतरी फोन त्यांच्या कानाला लावला.

“सर, आरटीए आहे.” आरटीए म्हणजे रस्त्यावरचा अपघात. “उजव्या फोरआर्मला बर्न. केमिकल वाटतोय. मला भरपूर पाण्यानं धुवायचंय.”

“गाडीच्या अपघातात केमिकल कुठून आलं? बॅटरी फुटली?”

“माहीत नाही, सर.”

“ब्लीडिंग?”

“नाही.”

“मग सलाइननं क्लीन करा, सिल्व्हर क्रीम, प्रेशर ड्रेसिंग, टीटीचं इंजेक्शन. हात सुजलाय ना? फ्रॅक्चर असेल. हलवू नका. मी अर्ध्या तासात येतो.”

“सर, क्लीन करून भागणार नाही. तासभर नळाखाली धरायला हवा.”

“तासभर? सिस्टर, हात धुताय की लॉरी?” आणि फोन बंद.

आता माझ्यापुढे दोन वाटा होत्या. सांगितलं तसं ड्रेसिंग करायचं, म्हणजे तो क्षार पुन्हा आत बंद करायचा. किंवा चीफच्या ऑर्डरविरुद्ध धुवायचं. आणि माझं चुकीचं निघालं, वर फ्रॅक्चर सरकलं, तर डिग्री सिस्टर उद्यापासून घरी.

मी आयाला हाक मारली. “पुष्पम, मोठ्या सिंकचा नळ चालू कर. आणि लाकडी स्प्लिंट आण, प्लास्टिक गुंडाळून.” स्प्लिंट म्हणजे मोडलेला हात हलू नये म्हणून खाली बांधायची फळी. चीफची फ्रॅक्चरची भीती रास्त होती. म्हणून हात फळीवर घेऊन फळीसकट पाण्याखाली धरायचा, असं मी ठरवलं.

पेरियम्मा सिंकच्या आडव्या आल्या.

“काय करतेस? अम्मनचं कुंकू गटारात सोडतेस?”

“अम्मा, ते कुंकू नाही. त्याचा हात जळतोय.”

“मला कुंकू शिकवतेस? तू त्या देवळामागच्या मराठी कुंकूवालीची पोर ना? चेहरा तोच आहे.”

“हो. म्हणूनच सांगतेय.”

“माझा सगळा जन्म या कुंकवात गेला. तुझी आई पुड्या बांधायची, मी कपाळाला लावायची. देवानं दिलेलं पुसायचं नाही. मी पुसू देणार नाही. सेल्वराज, तू सांग.”

सेल्वराज काय सांगणार? मालकाची आई समोर, देव वर. त्यानं मान खाली घातली. “पेरियम्मा म्हणतील तसं,” तो पुटपुटला. कपाळावर घाम साचला होता.

पेरियम्मांनी हँडबॅग उघडली. “थांब. उलट अजून थोडी विभूती लावू. बरं वाटेल त्याला.” आणि आतून विभूतीची पुडी काढली.

मी पुडीकडे बघितलं. पुजाऱ्यानं केळीच्या सोपटाच्या दोऱ्यानं बांधलेली. गाठ जशीच्या तशी.

“अम्मा, अजून कुठली पुडी होती?”

“अजून कशाला? एकच.”

“मग गाडीत उधळलं ते काय?”

पेरियम्मा पुडीकडे बघत राहिल्या. दारातली कुजबुज थांबली. पण बाई साध्या नव्हत्या. पुडी कपाळाला लावून म्हणाल्या, “तरी कुंकू खरं आहे. माझ्या डोळ्यांदेखत झालं.”

तेव्हा मला ते सुचलं. कुठल्या टेक्स्टबुकात नव्हतं ते.

“अम्मा, नव्या नवरीवरून आरती ओवाळली की ते तांबडं पाणी आपण काय करतो?”

“काय म्हणजे? दाराबाहेर, रस्त्यावर ओततो.”

“घरात ठेवतो का?”

“छे! दृष्ट असते त्यात. ठेवली तर परत लागते.”

“मग याच्या हातावर हळद आणि चुन्यासारखं काहीतरी मिळून आरतीच झालीय. दृष्ट उतरली. आता ती त्याच्या हातावर बांधून ठेवायची?”

पेरियम्मांनी एकदा माझ्याकडे, एकदा सेल्वराजच्या हाताकडे बघितलं. मग स्वतःच बाजूला झाल्या आणि पदर खोचून म्हणाल्या, “बघत काय बसलीस? ओत ना!”

आधी सेल्वराजच्या डोळ्यांची चौकशी केली, कारण क्षार डोळ्यात गेला असता तर हाताआधी डोळा. पण त्यानं काळा कूलिंग ग्लास लावला होता. मालकाची बोलणी खाल्ली तरी तो काढायचा नाही म्हणे. त्या दिवशी त्या नखऱ्यानं डोळे वाचवले. मग हातमोजे घालून कपड्यांवरची, कानामागची कोरडी भुकटी झटकली. शर्ट कापून काढला आणि त्याच्या घडीतली चिमूटभर भुकटी एका ट्रेमध्ये ठेवून दिली. मग हात पाण्याखाली. नळ फुल नाही, मध्यम धार. पहिली पाच मिनिटं पाणी तांबडं गेलं. सेल्वराज ओरडला, मग कण्हला, मग गप्प झाला. वीसेक मिनिटांनी म्हणाला, “सिस्टर, जरा बरं वाटतंय.”

“बरं वाटलं म्हणून काढायचा नाही. ठेव.”

तेवढ्यात चीफ आले. मास्क गळ्यात, कपाळावर आठ्या. सिंक, फळी, वाहतं पाणी, फरशीवर तळं.

“मी प्रेशर ड्रेसिंग सांगितलं होतं.”

“हो, सर.”

“मग हे काय आहे?”

“एक मिनिट, सर.” लॅबमध्ये लिटमस पेपर होता, पण टेक्निशियन कपाटाला कुलूप लावून जेवायला गेला होता. म्हणून मी पुष्पमला कँटीनमधून हळद आणायला लावली होती. ट्रेमधल्या भुकटीवर मी चिमूटभर हळद टाकली, वर दोन थेंब पाणी. चीफच्या नाकासमोर पिवळ्याचं तांबडं झालं.

चीफ वाकले. “अल्कली,” ते हळू म्हणाले. मग लगेच सरळ झाले. “पण सगळे म्हणतायत विभूती आहे. राख असेल तर राखही अल्कलीच असते, डिग्री सिस्टर.”

“राखेनं तासाभरात असा बर्न होत नाही, सर. आणि विभूतीची पुडी बंद आहे. अम्मांकडे बघा.”

पेरियम्मांनी पुडी वर धरली, कोर्टात पुरावा धरावा तशी.

“मग ही पावडर आली कुठून?”

सिंकपाशी वाकलेला सेल्वराज तोंड वर न करता म्हणाला, “सार, स्टीअरिंग फुटलं.”

“स्टीअरिंग कसं फुटेल?”

“फटाक्यासारखा आवाज झाला, सार. मधलं झाकण उडालं. आतून उशीसारखं काहीतरी आलं आणि गेलं. मग सगळा धूर आणि पांढरं.”

“खोटं नाही बोलत तो,” पेरियम्मा म्हणाल्या. “मीसुद्धा उशी बघितली. मला वाटलं, मी गेले आणि ही तिकडची उशी.”

“अम्मा, गाडीचे काही कागद आहेत?” मी विचारलं.

होते. गाडी मोरीवर सोडून येताना कुणी काही उचलू नये म्हणून पेरियम्मांनी समोरच्या कप्प्यातलं सगळं हँडबॅगेत भरलं होतं. त्यात गाडीचं पुस्तक होतं. प्लास्टिकच्या वेष्टणात, न उघडलेलं. एवढी हौसेची गाडी, पण पुस्तक कुणी वाचलं नव्हतं. मी वेष्टण फाडलं आणि उभ्या उभ्या वाचत गेले. जाड इंग्लिश होतं, पण त्या इंग्लिशसाठीच तर मी चार वर्षं घासली होती.

त्यात एअरबॅगचं पान निघालं. आज हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा त्या खोलीत कुणीही एअरबॅग डोळ्यांनी बघितलेली नव्हती, चीफनीसुद्धा नाही. स्टीअरिंगच्या मधोमध एक पिशवी घडी करून ठेवलेली असते. गाडी समोरून आदळली की आतलं रसायन पेटतं, वायू तयार होतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पिशवी फुगते. छाती आणि डोकं स्टीअरिंगवर आपटू नये म्हणून. पांढरी भुकटी बहुतेक टाल्कसारखी निरुपद्रवी असते, पिशवी घडीला चिकटू नये म्हणून घातलेली. पण त्या काळच्या पिशव्यांत रसायन जळून थोडा क्षारही उरायचा. कोरडा असला तर फारसं काही नाही. घाम आला, पाणी लागलं, वर बांधून ठेवलं की तो कामाला लागतो. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की पिशवी फुगल्यानंतर उघड्या अंगाला भुकटी लागली असेल तर लवकरात लवकर साबण आणि पाण्यानं धुवा.

ते वाक्य मी चीफना मोठ्यानं वाचून दाखवलं. मग पेरियम्मांसाठी तमिळमध्ये. जरा सावकाशच वाचलं, कबूल करते.

चीफनी घड्याळ बघितलं. “किती झालं?”

“पस्तीस मिनिटं, सर.”

“तासभर म्हणाला होतात ना? मग अजून पंचवीस.” आणि बाह्या वर करून त्यांनी फळीचं दुसरं टोक स्वतः धरलं.

शेवटी हातावरून निथळणाऱ्या पाण्यात मी पुन्हा हळद टाकली. पिवळी राहिली. आणखी दहा मिनिटं थांबून पुन्हा टाकली. पिवळी.

हळदीचा लेप गेल्यावर हात पहिल्यांदा नीट दिसला. हाताच्या आतल्या बाजूला आणि अंगठ्याच्या मागे लाल, सोललेला पट्टा. काही ठिकाणी फोड. पण बोट लावलं की दुखत होतं, दाबलं की पांढरं पडून पुन्हा लाल होत होतं. ही चांगली खूण. म्हणजे आतली कातडी जिवंत आहे. अंगठा उचल म्हटल्यावर त्यानं तोंड वेडंवाकडं करून उचलला.

आणि करंगळीच्या बाजूला, मनगट आणि कोपराच्या मधे, एक आडवं निळं टेंगूळ होतं. एक्स-रेमध्ये तिथलं हाड, त्याला अल्ना म्हणतात, तडकलेलं निघालं. जागचं हललेलं नव्हतं. फळीनं काम केलं होतं.

चीफ फिल्म उजेडाकडे धरून म्हणाले, “गाडी बेतानंच आदळली, कठड्याला हात लागला नाही, मग हाड कशानं मोडलं? सेल्वराज, आदळताना हात कुठे होता?”

“हॉर्नवर, सार.”

“बोट हॉर्नवर?”

“अख्खा हात, सार. समोरून बस येतेय. कुंभकोणम रोडवर दुसरा कुठे ठेवणार?”

त्या गाडीत हॉर्न दाबायची जागा आणि पिशवीचं झाकण एकच होतं. बाहेरच्या देशात लोक दोन्ही हातांनी स्टीअरिंगची कड धरतात आणि हॉर्न क्वचित वाजवतात. आमचा ड्रायव्हर हात हॉर्नवर आडवा ठेवून गाडी चालवतो. पिशवी सुटली तेव्हा झाकण थेट त्याच्या हातावर बसलं. तोफेच्या तोंडावर हात ठेवून बसला होता म्हणा ना. पण त्याच पिशवीनं त्याची छाती आणि तोंड वाचवलं, हेही खरं. चीफ त्याला म्हणाले, “सगळ्याचा मार हातानं खाल्ला. आणि आता हातही राहणार.”

सहा आठवडे प्लास्टर होतं. बर्नसाठी प्लास्टरला खिडकी ठेवली होती आणि ड्रेसिंग मी करायचे. त्वचा आपली आपण भरून आली. दुसरीकडची कातडी लावायची वेळ आली नाही. अंगठा पूर्ण चालला. मागे फक्त एक तपकिरी डाग राहिला. मिलमालकांना मधल्या काळात दुसरा ड्रायव्हर ठेवायचा होता. पेरियम्मांनी ठेवू दिला नाही. “देवानं ज्याची आरती केली, त्याच्याच गाडीत मी बसणार,” म्हणाल्या. त्यांनी आपला मुद्दा शेवटपर्यंत सोडला नाही आणि मीही पुन्हा काढला नाही.

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी सेल्वराज झेंडू लावलेली गाडी घेऊन नर्सिंग होमच्या दारात आला. नवी पिशवी बसवून आणलेली होती. मी मुद्दाम वाकून त्याचे हात बघितले. दोन्ही कडेला, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे.

“हॉर्न कमी केलास की काय?”

“छे, सिस्टर. तेवढाच वाजवतो,” तो म्हणाला. “पण आता एका बोटानं, लांबून.” आणि लगेच वाजवून दाखवला.

त्यानंतर गावातल्या डॉक्टरांच्या मासिक बैठकीत चीफनी ही केस सांगितली. मला युनिफॉर्ममध्ये बरोबर नेलं होतं. स्लाइडवर सेल्वराजच्या हाताचा फोटो होता आणि त्याखाली त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: ‘कुंकुम साइन’. डॉक्टरांना खुणांना नावं द्यायची हौस असते. सहसा स्वतःची देतात. चीफ म्हणाले, “ही खूण मी शोधलेली नाही. मी तर ड्रेसिंग करायला सांगितलं होतं. सिस्टर, जरा उभ्या राहा.” मी उभी राहिले. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्या कॅज्युअल्टीच्या कपाटात लिटमस पेपर आला आणि भिंतीवर कागद लागला: अंगावर पांढरी पावडर दिसली की गाडी कुठली विचारा, आणि विचारता विचारता नळ सोडा.

बैठकीच्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. टाळ्यांचं दोनदा सांगितलं. ती कुंकू चाळत होती. हात न थांबवता म्हणाली, “चुना लागला की आधी पाणी, मग रडणं. हे मी तुला पाच वर्षांची असताना शिकवलं. मग कॉलेजात चार वर्षं काय शिकवलं?”

“ते का, हे शिकवलं,” मी म्हणाले.

आईनं जरा विचार केला. “तेही हवंच,” ती म्हणाली. “नाहीतर तुझं त्या डॉक्टरानं ऐकलं नसतं.”